शिडी, भाकरी, डोंगर, फणी

बायनाबाईला मराठीतलं 'ग' म्हणता 'ग' येत नव्हतं. पोथी उलटी धरली काय अन् सुलटी धरली काय, तिला सारखीच. पण इंग्रजीतले शेकड्यानं शब्द त्या बाईला पाठ होते, तेही अर्थासकट. हसू नका. मोगलाईतली, तेलगावाकडच्या काळ्या रानातली, धनगराच्या घरची बाई ती. पण चार अक्षरांचा शब्द हवा, सुरुवातीला अमुक अक्षर, शेवटी तमुक, एवढं म्हटलं की दोन-तीन शब्द तिच्या तोंडावर यायचे. एवढी विद्या पदरात बांधून त्या बाईचं जे वाटोळं झालं, ते एका शब्दापायी. तो काही इंग्रजी नव्हता. तिच्या नवऱ्याचं नाव होतं ते.

नवरा गहिनीनाथ. पोरवयात बापाबरोबर मेंढरं घेऊन नगरच्या बाजूला, इंग्रजी मुलखात गेला होता. तिथं गाडीच्या चाकाखाली पाय सापडला. कळप काही पोराच्या पायासाठी थांबत नाही. बापानं त्याला मिशनच्या शाळेत टाकलं आणि तो चारणीला पुढं गेला. काही वर्षांनी पोरगं गावात परत आलं ते लंगडत आणि इंग्रजी बोलत. गावाला दोन्हींचा उपयोग सारखाच! निजामाचं राज्य; अर्ज उर्दूत, पावती उर्दूत, कचेरीतली शिवीसुद्धा उर्दूत. तिथं इंग्रजीला कोण विचारतो? शेवटी तेलगावच्या वाटेवर कापसातली सरकी काढायचं एक जिन होतं, तिथं गासड्यांवर इंग्रजी अक्षरं रंगवायचं काम त्याला मिळालं. हातात काळ्या रंगाचा डबा, नाकातोंडात कापसाची धूळ. हीच काय ती त्याच्या विद्येची कमाई.

आता नावाचं सांगतो. बायनाबाई माप ओलांडून घरात आली त्याच दिवशी सासूनं कानात सांगितलं होतं, "बाये, नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं की त्याच्या आवुक्षाचा एक दोरा तुटला." सासू पुढं वारली, पण दोरा काही बायनाबाईच्या मनातून गेला नाही. त्यात नाव पडलं देवाचं! गहिनीनाथाचा गड त्याच मुलखात. सगळं गाव नावाचा गजर करायचं, ही नुसते हात जोडायची. नारायणगडाच्या जत्रेत कुणी विचारलं, "कुनाची गं तू?" की म्हणायची, "त्या पल्याडच्या गडावरच्या बाबाचं जे नाव, तेच आमच्या घरच्या मानसाचं." ऐकणारे तिथलेच, त्यांना कळायचं. लग्नाकार्यात बाया दार अडवून बसल्या तरी हिचा उखाणा निघायचा नाही. "घे की गं, त्यात काय जातंय?" म्हटलं तर डोळ्यांत पाणी आणायची. गहिनीनाथाला याचा मोठा अभिमान. शिकलेला माणूस, पण बायको आपलं नाव घेत नाही म्हटल्यावर मिशीत हसायचा.

जिनात मुंबईचा एक खरेदीदार यायचा. त्याची वाचून झालेली इंग्रजी साप्ताहिकं तो तिथंच टाकून जाई. त्यांच्या मागच्या पानावर शब्दकोडं असे. काळ्यापांढऱ्या चौकटी, बाजूला खुणेची वाक्यं. चौकटीत बरोबर बसतील ते शब्द भरायचे, ते पान कापून फीसकट मुंबईला धाडायचं, आणि सगळं बरोबर आलं तर मोठं बक्षीस. त्या काळात या कोड्यांनी शहाण्यासुरत्या माणसांना येड लावलं होतं. गहिनीनाथालाही लागलं. मिशनमधून आणलेला जाडजूड शब्दकोश त्यानं संदुकीतून काढला. आधी नुसता नाद होता. पण पुढं डोळ्यांवर वडस चढायला लागलं आणि नादाची गरज झाली.

वडस म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडं सरकत जाणारा मांसाचा पडदा. वैद्याची अंजनं झाली, गडाचा अंगारा झाला. बीडच्या दवाखान्यातल्या माणसानं शेवटी खरं सांगितलं, "मिरजेला गोरा डाक्टर हाय, तो कापून काढतो. पण बुबुळ झाकायच्या आत न्या. एकदा झाकलं की मंग देवबी न्हाई." मिरज! कुठं तेलगाव, कुठं मिरज. मोटार, आगगाडी, तिथलं राहणं, आणि तेही इंग्रजी कलदार रुपयांत. मेंढरं विकावीत तर ती दोघा भावांच्या सामाईकीची. धाकटा भाऊ शहादेव म्हणायचा, "दादा, सुगी हू दे." बोलायला लई गोड गडी. सुगी झाली की म्हणायचा, "पेरा हू दे."

तेव्हा बक्षीस, नाहीतर अंधार. बायनाबाईला एवढं लख्ख कळलं होतं.

एका दुपारी गहिनीनाथ शब्दकोशाचं पान नाकाला लावून बसला होता. डोळ्यांतून धारा चाललेल्या. तिनं पान ओढून घेतलं आणि म्हणाली, "मला सांगा कसं दिसतं ते. मी हुडकते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मेंढरांच्या कानाची खून मला कळती, हे न्हाई कळायचं व्हय?"

मग त्यानं राखेत बोटानं एक-एक अक्षर काढलं आणि तिनं त्याला आपल्या घरातलं नाव दिलं. एच म्हणजे शिडी. ओ म्हणजे भाकरी, डी म्हणजे अर्धी भाकरी. एम म्हणजे डोंगर. ई म्हणजे फणी, एल म्हणजे कोपरा. पी म्हणजे पळी, वाय म्हणजे बेचकी, एस म्हणजे साप, ए म्हणजे राखणीच्या मचाणाचं तिकाटणं. शब्दकोशातले शब्द ठसठशीत मोठ्या अक्षरांत छापलेले, त्यामुळं तिचं अडत नव्हतं. तो सांगायचा, "पाच घरांचा शब्द. पयला साप, मधी तिकाटनं, शेवटी फणी." ती पानावर बोट ठेवून निघायची, अक्षरं बोटानं मोजायची, आणि सापडलं की अक्षरांची माळ वाचून दाखवायची. तो शब्द बोलून त्याचा अर्थ सांगायचा. एकदा ऐकलेला अर्थ बायनाबाईच्या डोक्यातून जायचा नाही. पुढं पुढं तर पुस्तक न उघडताच सांगू लागली. जात्यावर दळताना ओवीच्या जागी साप-तिकाटणं चालायचं. शेजारणी म्हणायच्या, "बायनीला बाधा झाली." झाली तर झाली! तिला नवऱ्याचे डोळे पाहिजे होते.

कोरे चौकोन भरायचंही तीच करू लागली. कोळशाच्या रेघोट्यांनी हात बसवून घेतला आणि मग टाकानं एकेक अक्षर घरात बसवायची. फक्त खाली नाव असे, ते गहिनीनाथ चाचपडत लिही. एकदा तो म्हणाला, "हेबी तूच काड, मी अक्षरं सांगतो." तिनं टाक खाली ठेवला. "काडनं अन् बोलनं एकच. मला तेवढं सांगू नगा." तो हसला. "बरं बाई, ऱ्हाऊ दे." त्याला तेव्हा गोडच वाटलं ते.

पहिली कोडी गेली. कधी एक चूक, कधी दोन. इकडं वडस बुबुळाला येऊन टेकलं. शिमग्यानंतरचं एक कोडं मात्र पुरतं जुळत आलं. सगळी घरं भरली, एकच राहिलं. चार घरांचा शब्द. शिडी, भाकरी, मधलं रिकामं, शेवटी फणी. खुणेचं वाक्य असं होतं, की हे ज्याच्याजवळ आहे तो गरीब नव्हे.

गहिनीनाथ म्हणाला, "पळी टाकली की होप. होप म्हंजे आशा. तेच असनार."

बायनाबाईनं रिकाम्या घरावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "डोंगर टाकला की?"

"होम. म्हंजे घर."

"मंग घरच. आशा काय, भिकाऱ्याजवळबी असती. म्हनून तो भिकारी ऱ्हात न्हाई का?"

गहिनीनाथ मोठ्यानं हसला. किती दिवसांनी हसला होता. "घाल," म्हणाला, "घाल डोंगर."

कागद पोचायची मुदत जवळ आलेली. गहिनीनाथाला आता चाचपडतही नाव लिहिता येत नव्हतं, उन्हात तर डोळाच उघडवत नव्हता. म्हणून शहादेवाच्या गाडीतून बायनाबाईच बीडच्या टपालात गेली. "नाव-गाव मुनशी भरील, तो वळखतो मला," नवऱ्यानं सांगितलं होतं. पण ओळखीचा मुनशी बदलून गेला होता. नव्या मुनशीचा तिकडं हैदराबादेकडचा उर्दू तोरा. त्यानं फीचा फॉर्म पुढं ओढला आणि विचारलं, "भेजनेवाले का नाम?"

बायनाबाईनं पदर पुढं घेतला. "आमच्या घरातलं मानूस."

"नाम, बाई, नाम बोलो!"

"त्या गडावरच्या बाबाचं जे नाव हाय ना, तेच."

मुनशीनं कुठला गड पाहिला होता? त्यानं टाक आपटला. मागं उभी असलेली माणसं हसायला लागली. एकजण म्हणाला, "उखान्यात घ्या की वयनी!" दुसरा म्हणाला, "लाजतीया!" ओठावर आलेलं नाव, पण सासूचा दोरा आडवा आला. परक्या पुरुषांच्या घोळक्यात ते नाव उच्चारायचं, आणि तेही त्याचे डोळे असे धोक्यात असताना? दोरा तुटला तर?

मागं शहादेव उभा होता. थोरल्या भावाचं नाव त्याला काही वर्ज्य नव्हतं. दोन शब्द बोलला असता तर काम होतं. त्यानं खिशातून फी काढून ठेवली आणि म्हणाला, "लिवा, शहादेव हरिबा."

बायनाबाईनं वळून पाहिलं.

"काय झालं वयनी? घर एकच हाय की आपलं."

तिनं मान हलवली. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. मुनशीनं फॉर्मवर आणि कोड्याच्या कागदावर तेच नाव ठोकलं. घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तोही म्हणाला, "असू दे. घर एकच हाय."

बक्षीस लागलं. पहिलं! साऱ्या चौकटींत एकही चूक नाही. पत्र आलं ते शहादेव हरिबाच्या नावानं, आणि गावच्या देशमुखाच्या गुमास्त्यानं ते बीडहून वाचून आणून चावडीवर सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावात साखर वाटून झाली. मुंबईवाल्यांनी विजेत्याचा फोटो मागितला, तसा शहादेव बायनाबाईकडं आला. "वयनी, ती जाड पोथी द्या जरा. फोटूत मांडीवर घेतो." बायनाबाईनं शब्दकोश फडक्यात गुंडाळून दिला. तो परत आला नाही. फोटो मात्र छापून आला, आणि गावानं त्याला 'इंग्रजी शहादेव' म्हणायला सुरुवात केली. ज्याला शिडी कळत नव्हती की भाकरी, त्याला! तालुक्याच्या गावाहून लोक येऊन त्याला कोडी विचारू लागले. तो गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "इचार करून सांगतो."

आणि मिरज? पैसे हाती आले तेव्हा म्हणाला, "दादा, पयले बैल घेऊ, मंग निघू." बैल आले. मग ओढ्याकाठचं रान आलं, एकट्याच्या नावावर. मग म्हणाला, "उनाळा लई हाय, दादाला प्रवास सोसायचा न्हाई." बायनाबाई रोज सकाळी नवऱ्यासमोर बोटं धरायची आणि विचारायची, "किती?" तो सांगायचा. मग चुकू लागला. मग ती विचारायचीच बंद झाली.

एके दिवशी तिनं शहादेवाला गोठ्यात अडवलं. "भावजी, मिरजेचं काय?"

"सारखं मिरज मिरज काय वयनी! बक्षीस माझ्या नावचं, फी माझ्या खिशातली. मी जे करीन ते दादाच्या भल्यासाठीच करीन."

"कोडं कुनी सोडवलं?"

"कागदावर कुनाचं नाव हाय?"

आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय! बायनाबाईनं नवऱ्याचा हात धरला आणि थेट चावडी गाठली.

चावडीवर मोहनराव देशमुख लोडाला टेकून बसलेले. गावची निम्मी जमीन त्यांची आणि पुरा न्याय त्यांचा. शहादेवाच्या डोक्यावरचा फेटा त्यांनीच बांधलेला, आणि आताही तो त्यांच्याच बाजूला बसलेला. गहिनीनाथ खांबाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "सरकार, याला एक अक्षर इचारा. एक! सांगतो का बघा."

देशमुख हसले. "इचारीन. पर बरोबर का चूक, ते सांगायचं कुनी? इथं इंग्रजी कुनाच्या बापाला येतंय? मला कागद दिसतोय, कागदावर नाव दिसतंय." मग बायनाबाईकडं वळून म्हणाले, "बाई, टपालात तू उभी व्हतीस ना? मुनशीनं इचारलं तवा कावून गप बसलीस? आज म्हनतीस कोडं दुसऱ्याचं. कुनाचं? घे नाव! चारचौघांसमोर सांग, कुनाचं व्हतं कोडं?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो हाच. बायनाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. एक डोळा पुरा झाकलेला, दुसऱ्यात जराशी फट उरलेली. मिरज अजून गाठता येणार होती. तिनं पदर मागं सारला आणि मोठ्यानं म्हणाली, "गहिनीनाथाचं. गहिनीनाथ हरिबाचं! सोडवलं आमी दोघांनी, अन् नाव माज्या मालकाचं, गहिनीनाथाचं!"

एका म्हाताऱ्यानं कानांवर हात ठेवले. ज्या देशमुखानं 'घे नाव' म्हणून फर्मावलं होतं, तोच लोडावरून उठून बसला. "शाबास! नवरा म्होरं जित्ता उभा, अन् ही पुरुषांत त्याच्या नावाचा डांगोरा पिटती. जिला नवऱ्याच्या आवुक्षाची चाड न्हाई, तिच्या बोलन्याचा काय भरवसा धरायचा? उठा रे." शहादेवाला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. तो मान खाली घालून, वहिनीची लाज वाटल्यासारखा बसून राहिला. हरामखोर!

घरी आल्यावर गहिनीनाथ भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "घ्यायचं तवा घेतलं न्हाईस. अन् नगं तवा घेतलंस."

बायनाबाईला वाटलं, जमीन फाटावी.

त्या वर्षी शहादेवानं वाटणी मागितली. घर त्याच्याकडं गेलं. ह्या दोघांना मेंढरांच्या वाड्यालगतचं खोपट आलं. दिवाळीच्या पाडव्याच्या आत गहिनीनाथाच्या दुसऱ्या डोळ्यातली फटही मिटली. आणि गाव काय म्हणालं? भावानं मिरज टाळली म्हणून डोळे गेले, असं एकजण म्हणाला नाही. बाया-बाप्ये सगळे म्हणाले, "तिनं चावडीवर नाव घेतलं, अन् त्याचे डोळे गेले." बायनाबाईला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. नव्या नवरीला तिच्या पायांवर घालेनात. तेही तिनं सोसलं. लोकांचं काय, बोलणाऱ्याचं तोंड कुणाला धरता येतं?

पण एका दुपारी भाकरी घेऊन ती खोपटाच्या दाराशी आली, तेव्हा आत कुणी पाहुणा बसला होता. गहिनीनाथ त्याला सांगत होता, "डोळ्याचं काय सांगावं पावनं. आमच्या मंडळीनं नाव घेतलं, तितंच दोरा तुटला." मिशनमध्ये शिकलेला माणूस! तिच्या बोटांनी ज्यानं अख्खा शब्दकोश वाचला, तो माणूस! बायनाबाई दाराबाहेर उभी राहिली. पाहुणा उठून जाईपर्यंत ती तशीच उभी होती, भाकरी गार होऊन गेली.

मग ती आत गेली. आजवर ती ताटली ठेवून म्हणायची, "जेवता नव्हं?" त्या दिवशी तिनं ताटली पुढं सरकवली आणि म्हणाली, "गहिनीनाथ, जेवा."

तो दचकला. "अगं, काय बोलतीस? कुनी ऐकंल!"

"ऐकू द्या. आता काय तुटायचं ऱ्हायलंय, गहिनीनाथ?"

तेव्हापासून ती त्याला नावानंच हाक मारू लागली. उठा गहिनीनाथ. पाणी घ्या गहिनीनाथ. अंगणात या, ऊन कवळं हाय, गहिनीनाथ. तो आधी चिडायचा, मग रडायचा, मग गप्प ऐकायला शिकला. कधी फार उदास झाला की विचारायचा, "बायने, एक शब्द सांग. शिडी, भाकरी, मधलं रिकामं, फणी." ती चुलीपुढून उठायचीसुद्धा नाही. "कोपरा टाकला तर व्हतंय की," म्हणायची, "होल. म्हंजे बीळ. बीळच हाय आपलं हे, गहिनीनाथ." आणि पुढं भाकरी भाजत बसायची.

दोरा काही तुटला नाही. नाव घेऊन घेऊन बायनाबाईची जीभ झिजली, पण माणूस जगला. बायनाबाईच आधी गेली, एका हिवाळ्यात, तापानं. शहादेवाच्या घरून तेव्हा दोन वेळची ताटली येऊ लागली. ती आणणारी सून दारातूनच ओरडायची, "ओ आंधळं मामा, भाकर ठिवलीय." गावात कुणी चौकशी केलीच तर लोक सांगायचे, तो इंग्रजी शहादेवाचा आंधळा भाऊ. पुढं पुढं नवीन पोरांना त्याला दुसरं काही नाव होतं हेही ठाऊक नव्हतं. ते नाव घेणारं एकच माणूस होतं, त्याला गावानं जाळून आणलं होतं.